गाठ निघाली, गोळ्या राहिल्या

"गाठ तर लहानपणीच काढली ना? मग आता कशाच्या गोळ्या?"

हा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी विचारलाय, पाहुण्यांनी विचारलाय, एकदा तर रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानंही विचारलाय. मी हसून विषय बदलायचो. यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं, त्यानंतर मात्र ठरवलं की याचं उत्तर एकदा नीट लिहायचं. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे, किंवा असं लेकरू मोठं होऊन संसाराला लागलंय, त्यांच्यासाठी.

मी बालाजी. सेलूत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली करपलेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे माझं काम. उंची शाळकरी पोराएवढी, त्यामुळं टेबलापाशी स्टुलावर उभा राहतो. मला दोन्ही बाजूंचं दिसत नाही, म्हणून मोटारसायकल चालवत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं. तार भरायला तेवढं पुरतं.

बोट दिसलं की सांग

चौथीत होतो. आमचं गाव राणीसावरगाव. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, शाळेत जायच्या आधी उलटी व्हायची. माय म्हणायची, पित्त आहे. तहान तर अशी लागायची की मी माठाजवळ अंथरूण टाकायचो. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा. एकदा बाजूनं बैल आला तो मला दिसलाच नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ओढून बाजूला घेतलं आणि ओरडले, "आंधळा हायस का रं?"

ओरडून झाल्यावर ते माझ्याकडं बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन परभणीला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले.

डॉक्टर म्हणाले, "माझ्या नाकाकडं बघ. बाजूनं बोट आणतोय. बोट दिसलं की सांग."

मी नाकाकडं बघत बसलो. मला वाटलं, त्यांनी अजून सुरुवातच केली नाही. मग एकदम त्यांचं बोट माझ्या नाकासमोर आलं. "आता दिसलं," मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्या बाजूनं तेच केलं. मग अण्णांना म्हणाले, "लेकराला जरा बाहेर बसवा."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. माणूस गेल्यावरच अण्णा तशी टोपी काढत. म्हणून मला वाटलं, गावाकडं कुणीतरी गेलं.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथं गाठ झाली होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. हैदराबादला ऑपरेशन झालं. त्यानंतर बरेच दिवस किरणं. तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा घालून तो टेबलाला पक्का करायचे, डोकं हलू नये म्हणून. खोलीतून सगळे निघून जायचे, जाड दार बंद व्हायचं आणि यंत्र घरघरायचं. मला तिथं ओरडावंसं वाटायचं, पण मुखवट्यात तोंड उघडत नसे. एका सिस्टरनं पेनानं त्या मुखवट्याला झुपकेदार मिशा काढल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा तो बघून हसले. किती दिवसांनी हसले होते. त्यानंतर मी बिनबोभाट आडवा व्हायचो.

घरी आलो. अण्णांनी गावात पेढे वाटले. सगळ्यांच्या लेखी गोष्ट तिथं संपली.

मोठं होणं राहून गेलं

गाठीबरोबर त्या वाटाण्याचं कामही गेलं होतं. उंची वाढवायची, आवाज फोडायचा, दाढी-मिशा आणायच्या, अंगातलं पाणी सांभाळायचं, ताण आला की शरीराला बळ पुरवायचं, हे सगळे हुकूम तिथून सुटतात म्हणे. माझ्याकडं हुकूम सोडणारं कुणी उरलं नाही. त्याच्या जागी गोळ्या आल्या.

माझ्या वर्गातली पोरं दहावीत बापाच्या खांद्याला लागली. मी तिथंच. लग्नकार्यात मला लहान पोरांच्या पंगतीत बसवायचे. फोनवर बोललो तर समोरचा म्हणायचा, "ताई, घरात मोठं कुणी हाय का?" पुढं दर महिन्याची सुई सुरू झाली, तेव्हा विशी उलटता उलटता माझा आवाज फुटला. मायनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारच्या घरी जाऊन सांगून आली.

हैदराबादचे डॉक्टर एका भेटीत म्हणाले, "आता तू मोठा झालास. आमचा विभाग लहान मुलांचा. इथून पुढं मोठ्यांच्या डॉक्टरकडं जा."

कुणाकडं, ते मला कळलं नाही. तेव्हा मी विचारलंही नाही. जुनीच चिठ्ठी दाखवून मी गोळ्या आणत राहिलो. आज वाटतं, माझ्यासारख्यांची खरी फरपट इथं होते. लेकरू असतं तेव्हा दहा माणसं धावतात. मोठा झालेला माणूस चालतो-बोलतो, दुकान चालवतो, त्याच्याकडं कोण बघणार? मला साधा ताप आला तरी मी दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळायचो. लोक म्हणायचे, बालाजी नाजूक आहे.

शारदा

लग्न करायचं नाही असंच मी धरून चाललो होतो. अण्णांनी येलदरीजवळच्या एका गावात मुलगी बघायला नेलं. मी तिच्याशी एकट्यानं बोलायला मागितलं. दोन्हीकडच्या लोकांना ते आवडलं नाही, पण तिनं मान हलवली.

मी सगळं सांगितलं. गाठ, गोळ्या, सुया. मूल होणं अवघड आहे, हेही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "गोळी चुकली तर काय होतं?"

"माहीत नाही. कधी चुकवली नाही."

"मग चुकवू नका, म्हणजे झालं." उठता उठता म्हणाली, "घरी मी सांगते."

तिनं घरी एवढंच सांगितलं की लहानपणी डोक्याचं ऑपरेशन झालंय, आता काही नाही. हे मला लग्नानंतर कळलं. मी म्हणालो, "अगं, पुढं मूल नाही झालं तर?"

"तवाचं तवा बघू. खरं सांगितलं असतं तर आबांनी न्हाई म्हणलं असतं."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. सरळ माणूस, पण रागीट. आणि मामी, माझ्या सासूबाई, दरवर्षी शारदाला या देवीला, त्या दर्ग्याला घेऊन जायच्या. पदरात नारळ घालून घ्यायच्या. बायका तिलाच टोचून बोलायच्या. ती मुकाट ऐकायची. घरी आली की मी म्हणायचो, "आता सांगून टाकू." ती म्हणायची, "धाकटीचं लग्न होऊ द्या आधी."

मला नांदेडला हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडं नेलं तेही शारदानंच. एका तापात मी सलग झोपून राहिलो, तेव्हा ती म्हणाली होती, "ही नाजूक माणसाची झोप न्हाई. हे काहीतरी येगळं हाय."

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "ताप, जुलाब, अपघात, असं काही झालं की आपलं शरीर जास्तीचं एक रसायन सोडतं. तुमचं सोडत नाही. म्हणून अशा वेळी त्या रसायनाची गोळी दुप्पट घ्यायची. उलटीतून गोळी पडली, तर त्याच औषधाची सुई. घरातल्या माणसानं टोचायची, कपड्यावरून टोचली तरी चालते. आणि सुई दिली तरी दवाखाना गाठायचाच. उशीर झाला तर रुग्ण झोपल्यासारखा दिसतो. ती झोप नसते."

त्यांनी शारदाला मोसंबीवर टोचायला शिकवलं. तेव्हापासून सुईची पिशवी तिच्या पर्समध्ये. कित्येक महिने तिला हातही लावायची वेळ आली नाही.

मांडवात

मे महिन्यात मेहुणीचं लग्न होतं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मला जुलाब सुरू झाले. मी गोळी दुप्पट घेतली. शारदाला सांगितलं, पण कमी करून सांगितलं. मोठी बहीण म्हणून तिच्या मागं शंभर कामं होती.

अक्षता पडेपर्यंत मी उभा होतो. बँड वाजत होता, ऊन तर असं की मांडवाचं कापड तापून वास येत होता. पंगत बसली आणि मला उलटी झाली. मी आतल्या खोलीत जाऊन दुसरी गोळी घेतली. तीही पडली. तिसरी घ्यायला गेलो, तर हात उचलेना. मग मला एकदम बरं वाटायला लागलं. गार वाटलं, बँड लांब गेल्यासारखा झाला. वाटलं, थोडं पडावं.

इथून पुढचं मला शारदानं सांगितलंय.

ती पाणी द्यायला आली तर तिची आत्या माझ्या उशाशी कांदा ठेवून बसली होती. म्हणाली, "ऊन लागलंय जावयाला. झोपू दे. आताच डोळा लागलाय."

शारदानं मला हलवलं. "अहो, आज वार कोणता?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"अहो! वार कोणता?"

मी डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "घंटा झाली का?" शाळेची घंटा. माझे ओठ पांढरे पडले होते, अंगाला चिकट गार घाम होता.

तिनं पर्स उपडी केली. कुपी फोडली, पावडर पाण्यात हलवली, सुईत भरली. तेवढ्यात मामी आत आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अगं बया, काय टोचायलीस? तू डाक्टर हायस का?"

"सोड आई."

"काय कमीजास्त झालं तर? मांडवात लग्न हाय आपल्या!"

"आई, सोड! न्हाई टोचलं तर हे उठणार न्हाईत."

मामींचा हात सैल झाला. शारदानं पँटवरूनच माझ्या मांडीत सुई खुपसली. मला तेवढं आठवतं. बँडच्या आवाजात मांडीला आग झाली.

बाहेर गाड्यांची अशी गर्दी की आमची जीप निघेना. मोकळी होती ती फक्त नवरदेवाची गाडी, झेंडूच्या माळा लावलेली, नवरीला न्यायला अगदी दारात उभी. नवरदेव पंगतीतून उष्ट्या हातानं उठला आणि किल्ली पुढं केली. "आधी दाजींना न्या. आमी काय, मागून जाऊ."

त्या फुलांच्या गाडीतून मला जिंतूरला आणलं. मागच्या सीटवर माझं डोकं शारदाच्या मांडीवर होतं. ती सारखी गालावर मारत विचारत होती, वार कोणता, वार कोणता. तिकडं धाकट्या बहिणीची पाठवणी तिच्याविना झाली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला नाडी नीट लागेना. शारदानं एका दमात सांगितलं, कोणता आजार, कोणती सुई, किती वेळापूर्वी. तो म्हणाला, "ही सुई आम्ही दम्यालाही देतो. आहे आमच्याकडं. तुमच्या डॉक्टरांना फोन लावा." फोन स्पीकरवर ठेवून त्यानं नांदेडच्या बाईंशी बोलत बोलत सलाईन लावलं, आणखी औषध दिलं. मग ॲम्ब्युलन्सनं परभणी.

पडद्याआड

मला जाग आली तेव्हा हिरवा पडदा दिसला. नाकात नळी, हातात सुया. पडद्यापलीकडं आवाज येत होता. मामा आले होते. पाठवणी उरकून तसेच, डोक्यावर फेटा ठेवून. फेट्याची सावली पडद्यावर हलत होती.

"काय काय लपवलंस आमच्यापून?"

शारदानं सगळं सांगितलं. मुलाचंही. आवाज न चढवता, एकेक करून. मी डोळे मिटून पडलो होतो. उठून बसायची ताकद नव्हती.

मामा म्हणाले, "तुझ्या मायनं किती देव पालथे घातले. लोकांचं किती ऐकून घेतलं तू. आन् दोष तुझा नव्हताच?"

"दोष कुणाचाच न्हाई आबा."

"चल. सामान घे तुझं. लय झालं."

माझ्या छातीवर लावलेल्या यंत्राची टिकटिक वाढली. ती मला ऐकू येत होती. मला भीती वाटली, त्यांनाही ऐकू जाईल.

शारदा म्हणाली, "आबा, हे शुद्धीवर आले की पाणी मागतील. या सुयांनी लघवी लय होती. पाणी कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका. किती द्यायचं ते मला ठावं हाय. तुमी जावा. मी येत न्हाई."

फेट्याची सावली हलली. चपलांचा आवाज वऱ्हांड्यातून लांब गेला. शारदा पडदा सारून आत आली. मी डोळे उघडे ठेवले होते.

"ऐकलं व्हय?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"बरं झालं. आता लपवायचं काही राहिलं न्हाई." आणि हातरुमालानं तोंड झाकून ती पहिल्यांदा रडली.

वाट बघणं

घरी आल्यावर मामांचा फोन आला नाही. मामी चोरून फोन करायच्या, रडायच्या, ठेवायच्या. शारदा फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा.

त्यातच नांदेडच्या बाई म्हणाल्या, डोक्याचा फोटो काढून बरेच दिवस झालेत, एकदा बघून घेऊ. ज्याची गाठ निघालीय त्याला हे वाक्य कसं लागतं, ते दुसऱ्याला सांगता येत नाही. मोठा माणूस मी, बँकेत खातं, दुकानावर पाटी, पण त्या एमआरआयच्या नळीत आडवा झालो आणि पुन्हा चौथीतला झालो. दोन दिवस अहवालाची वाट बघताना मी एका मोटारीत तार उलटी भरली, सगळी पुन्हा काढावी लागली.

जुन्या जागी एक ठिपका दिसतोय. "व्रण असेल, किंवा नसेल," बाई म्हणाल्या. "काही महिन्यांनी पुन्हा बघू. आज काही करायचं नाही." मला वाटलं होतं, एक तर सुटका होईल नाही तर शिक्षा. दोन्ही झालं नाही. या आजारात असंच असतं. बरेचदा निकाल लागत नाही, तारीख मिळते. त्या तारखेपर्यंत जगायला शिकावं लागतं, आणि ते अजून मला नीट जमत नाही. डोकं जरा दुखलं की मी एक डोळा झाकून, बाजूनं बोट आणत ते कुठं आल्यावर दिसतं ते बघतो.

तुमच्या घरात असा माणूस असेल तर एवढं करा. लेकरू मोठं झालं की पुढचा डॉक्टर कोण, हे त्याच दिवशी विचारून घ्या. आणि सुई कधी, कशी द्यायची हे घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना येऊ द्या. आमच्या घरी ती एकट्या शारदाला येत होती. त्या दिवशी ती वाढप्यांच्या मागं अडकली असती, तर हे लिहायला मी नसतो.

मोसंबी

पावसाळा अर्धा सरला असेल. दुकानात एका मोटारीचं झाकण उघडत होतो. समोर कुणीतरी उभं राहिलं. बाजूनं आलेलं मला दिसत नाही, त्यामुळं एकदम मामाच दिसले. मी स्टुलावरून उतरलो.

"मामा, या. बसा."

ते बसले नाहीत. "घरी चला," म्हणाले.

मला वाटलं, शारदाला न्यायला आले. वाटेत मी त्यांच्या चालीला चाल लावत होतो. बाजाराच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि फळवाल्याकडून मोसंब्या घेतल्या. मला अर्थ लागला नाही. आजाऱ्याला भेटायला आले असतील, एवढंच वाटलं.

शारदानं दार उघडलं. बाप-लेक एकमेकांकडं बघत उभे राहिले. मामांनी पिशवी तिच्या हातात दिली.

"तुझी माय सांगायली की तू यावरच शिकलीस."

"कशावर?"

"सुई टोचायला. मला बी शिकव. सणावाराला तुमी तिकडं येणार. तू अशी मंदिरात गेलीस, तशी शेतात गेलीस, आन् यांना काय झालं तर? पुन्हा आमी कांदा धरून बसायचं का?"

शारदानं पर्समधली सुई आणली. मामा खाली मांडी घालून बसले. नांगर धरलेला तो हात, त्यात ती बारकी सुई मावेना. पहिल्यांदा टोचली ती मोसंबीच्या आरपार गेली आणि रस त्यांच्या धोतरावर सांडला.

"इतक्या जोरानं नका आबा," शारदा म्हणाली.

"फळ हाय म्हून जोर लागला. माणसाला कसं टोचू मी?"

"मांडीत," मी म्हणालो. "कपड्यावरून."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "जावई, राग हाय माझा. तुमच्यावर हाय, हिच्यावर तर लय हाय. तो इतक्यात जायचा न्हाई."

"हो, मामा."

"पण राग राग हाय, आन् सुई सुई." त्यांनी फुटलेली मोसंबी बाजूला ठेवली आणि लेकीपुढं हात केला.

"दुसरी दे."